बाबांना हरवलं तो रविवार

प्रज्ञेश पुन्हा जिंकला. भीमरावांनी टाळी वाजवली आणि जावयाकडे कौतुकाने पाहिलं. "वा, प्रज्ञेशराव! डोकं म्हणतात ते हे."

अभय पटावरून आपली गावं गोळा करू लागला. त्याच्या पोटात दुखत होतं. दर रविवारी याच वेळेला दुखायचं.

खेळ मुळात त्याचा. बेटावर गावं वसवायची, रस्ते टाकायचे, लाकूड देऊन विटा घ्यायच्या आणि सगळ्यांच्या आधी नगर उभं करायचं. धाकटी बहीण सोनाली कॉलेजात होती तेव्हा अभयनेच तो विश्रांतवाडीच्या घरी आणला आणि सगळ्यांना शिकवला. पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या भीमरावांनी चष्मा लावून नियमांचं पुस्तक वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तेव्हापासून लेकाला एकदाही जिंकू दिलं नाही. अभयने रस्ता काढला की हे पुढे आडवे. अभय एका विटेसाठी अडला की ती वीट नेमकी यांच्याकडे, आणि हे ती देणार नाहीत. वर हसून म्हणणार, "तुझ्या मनात काय चाललंय ते दिसतंय मला."

हरणंही त्याने सोसलं असतं. पण हाच माणूस प्रज्ञेशसमोर इतका गाफील कसा होतो? काल आलेला जावई, आणि बाबांनी त्याला डोक्यावर बसवलेलं. खालच्या मजल्यावरच्या बापूरावांना लाकूड कुठलं आणि वीट कुठली हे दर वेळी सांगावं लागे. तेही अधूनमधून जिंकून जात आणि जय भीम घालून खुशीत जिना उतरत. म्हणजे बाबांच्या लेखी साऱ्या पुण्यात ढ तो एकटाच. अभय नुसता जळत होता. त्याला एकच हवं होतं. बाबा प्रज्ञेशकडे पाहतात तसं त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहावं.

त्याने खेळाचं एक्स्पान्शन, म्हणजे वाढीव संच, मागवलं. त्यात बंदरं होती, जहाजं होती. बाबांनी त्याचं जहाज बंदरातच कोंडलं. त्याने दुसरं मागवलं. त्यात दुष्काळ होता, आणि तो कुणाच्या गावांवर टाकायचा हे ज्याची पाळी असेल त्याने ठरवायचं होतं. पाळी बाबांची आली. दुष्काळ अभयवर आला.

"कधीतरी प्रज्ञेशवर टाका की!" अभय ओरडलाच.

"अरे, खेळ आहे," म्हणत बाबांनी फासे पुढे सरकवले.

कोथरूडला फ्लॅट घ्यायचं अभयच्या आणि त्याच्या बायकोच्या, शर्मिलाच्या, मनात आधीपासून होतं. ती शिकवायची ती शाळा तिकडेच. आईला वाईट वाटेल म्हणून दोघं थांबले होते. त्या रविवारी अभयचं थांबणं संपलं. कारण विचारणाऱ्याला त्याने शाळा सांगितली. टेम्पोत सामान चढलं. कपाटाची दोरी तेवढी बाबांनी दोनदा ओढून पाहिली.

नवं घर लावण्यात बरेच रविवार गेले. मग एका रविवारी अभय आणि शर्मिला विश्रांतवाडीला आले. अभयच्या काखेत नवं एक्स्पान्शन होतं, किल्ल्यांचं. बाबा दारापर्यंत आले. "या, या. ट्रॅफिक लागलं असेल ना?" त्यांनी त्याला पंख्याखालची खुर्ची दिली. आईने चहा कपबशीतून आणला, सोबत बिस्किटं. अभय सुखावला. दूर गेल्यावर का होईना, किंमत कळली म्हणायची.

पट मांडला. बाबा, प्रज्ञेश, बापूराव आणि तो. अभयने रस्ता काढला. बाबा आडवे आले नाहीत. त्याने भीतभीत वीट मागितली. बाबांनी दिली, आणि बदल्यात त्याच्याकडचं नको असलेलं लाकूड घेतलं. पुढे दुष्काळाची पाळी बाबांवर आली. त्यांनी पट बराच वेळ न्याहाळला आणि दुष्काळ स्वतःच्या गावांवर घेतला.

बाबा थकले, अभयच्या मनात आलं. पण दया दाखवायला तो आलाच नव्हता. त्याने किल्ला बांधला, बंदर घेतलं आणि बापूराव फासे शोधत होते तोवर नगर उभं केलं.

बाबांनी टाळी वाजवली. "वा, अभय! डोकं म्हणतात ते हे."

तेच शब्द, तीच नजर. अभयचा ऊर भरून आला. त्याने मुद्दाम प्रज्ञेशकडे पाहिलं. प्रज्ञेश खाली मान घालून विटा डब्यात भरत होता. जळला असेल. जळू दे.

अभय स्वयंपाकघरात धावला. सोनाली ओट्याशी काकडी चोचवत उभी होती.

"सोने, हरवलं मी बाबांना! तुझ्या नवऱ्यादेखत हरवलं!"

सोनालीचा हात थांबला. तिने बाहेर पाहिलं. बाबा पट न आवरता तसेच बसून होते.

"दादा, बाबा पाहुण्यांना कधी हरवत नाहीत," ती हळूच म्हणाली. "लग्नानंतर मी पहिल्यांदा इथे आले ना, त्या दिवशी मीही जिंकले होते. मग परत खेळायला बसलेच नाही."