कॅमेऱ्याला तीट

"अगं मृण्मयी, बाळ अंगावर पितंय आणि तू झणझणीत चिवडा खातेस?" पाळण्यासमोरच्या कॅमेऱ्यातून सांगलीच्या सासूबाई बोलल्या.

बाळावर लक्ष राहावं म्हणून मृण्मयीनेच तो बसवला होता आणि आजीला नातू दिसावा म्हणून त्यांच्या मोबाइललाही जोडून दिला होता. आता काढावा, तर आंघोळीला जाताना जीव थाऱ्यावर राहीना. ठेवावा, तर सोफ्यावर बसून सुखाने मूठभर चिवडा खाता येईना.

तिने काजळाची डबी काढली, काचेच्या कडेला ठसठशीत ठिपका लावला. पाळणा दिसत राहिला, सोफा झाकला गेला. मग ती वाटी घेऊन निवांत टेकली.

"तू कुठे गेलीस गं?"

"इथेच आहे. तीट लावलीय, आई. घराला नजर लागायला नको."



"बरं केलंस. आता चाव तेवढं हळू, ऐकू येतंय."