तिसरा दोष

"हे बघा, हलवलं की चाललं!" जुन्या मालाच्या दुकानदाराने घड्याळ कानाशी धरून झुलवलं.

"झुलवल्यावर तान्हं पोरही गप्प होतं," घड्याळवाला म्हणाला. "ठेवल्यावर काय करतं ते सांगा."

ठेवल्यावर ते तासाभरात बंद पडत होतं. म्हणूनच त्याला ते हवं होतं. निळ्या तबकडीचं, ऑटोमॅटिक. चावी द्यायला नको, मनगट हललं की चालणारं. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने एखादं बिघडलेलं घड्याळ घ्यावं, यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते त्याच्या डोक्यात.

*दोष पहिला: आत फिरणारं वजन सैल. स्क्रू झिजलेला.*

दुकानात येऊन त्याने झाकण उघडलं आणि भिंगातून एका नजरेत हा दोष हेरला. पण हात लावला नाही.

*दोष दुसरा:*

चिमट्याच्या टोकावर त्याने तेलाचा एक कण घेतला आणि घड्याळाची गती राखणाऱ्या केसाएवढ्या हेअरस्प्रिंगवर सोडला. तिचे वेढे एकमेकांना चिकटले. आता हे घड्याळ जेव्हा चालेल तेव्हा पिसाळल्यासारखं पळेल, आणि का पळतंय ते समोरच्याच्या सात पिढ्यांना कळणार नाही.

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा. दोन वर्षांपूर्वी त्याने घड्याळदुरुस्तीचं दुकान थाटलं आणि ह्याच्या पोटात दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नव्हतं. ज्यांच्या वडिलांची घड्याळं ह्याने चालती ठेवली, ती माणसं आता मान खाली घालून रस्ता ओलांडत. "ऑटोमॅटिक ना? मग समोर द्या," लोक एकमेकांना सांगत. "काय हात आहे!"

हात! ह्याचा हात काय मोडला होता?

मेहुण्याला त्याने मागच्या बाकावर बसवलं.

"घड्याळ द्यायचं, पावती घ्यायची, चार दिवसांनी आणायचं. माझं नाव काढायचं नाही."

"भावोजी, या वयात मला हेर करताय."

"निरोप्या म्हण."

"आणि त्याने नीट केलं तर?"

"करणार नाही. तुझे वडील मला शिकवून गेलेत, त्याला नाही."

"ते खरं. बाबांचा हात माझ्यात उतरला असता, तर त्या स्टुलावर मी असतो आणि तुम्ही नुसतेच जावई."

"जीभ बरी उतरली तुझ्यात. आणि तुझ्या ताईला बोलू नकोस."

"ती सापडते कुठे? दुपारी बघावं तर शिवणाच्या क्लासला."

"दोन वर्षं जातेय. माझ्या शर्टाला बटण काही लागलेलं नाही." दोघंही हसले.

चार दिवस घड्याळवाल्याला अन्न गोड लागलं. समोरच्याकडे हेलपाटे घालणारं गिऱ्हाईक, ओशाळलेला समोरचा, मग रस्ता ओलांडून परतणारे लोक, सगळं त्याला दिसत होतं.

पाचव्या दिवशी मेहुण्याने घड्याळ टेबलावर ठेवलं. ते चालत होतं. दुसऱ्या दिवशीही चालत होतं, सेकंदाला सेकंद लावून.

सोबतच्या चिठ्ठीत तीन ओळी होत्या. वजनाचा स्क्रू बदलला. हेअरस्प्रिंगवरचं तेल काढलं. आणि तिसरी: *हेअरस्प्रिंगचा बाहेरचा वेढा वाकलेला होता, सरळ केला.*

तिसरा दोष?

तिसरा दोष त्याला दिसलाच नव्हता. भिंग लावून, दिव्याखाली बघूनही दिसला नव्हता.

त्याने झाकण उघडलं आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने याच आठवड्यातली तारीख कोरली होती. आधी वर्ष, मग महिना, शेवटी दिवस. दुरुस्तीची तारीख अशी उलटी कोरणारा माणूस त्याने आयुष्यात एकच पाहिला होता: त्याचे सासरे.

म्हणजे म्हाताऱ्याने गुपचूप दुसराही चेला केला होता. आणि खरी विद्या त्याला दिली होती! आपल्याला काय दिलं? दुकान, पाटी आणि मुलगी. हात दिला तो त्याला.

त्या दुपारी जेवणानंतर तो नेहमीसारखा आडवा झाला, पण डोळा लागेना. बायको क्लासला गेली होती. घरात तो आणि ते घड्याळ. टिकटिक ऐकवेना. शेवटी चपला अडकवून तो निघाला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा समोरच्याची पायरी चढला.

समोरचा काउंटरवर एका भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलत होता.

"या, या! आज सूर्य कुठे उगवला?"

"माझ्या सासऱ्यांकडे कधी शिकलात?"

"कोण सासरे? मी तुमच्या सासऱ्यांना ओळखतही नाही हो."

घड्याळवाल्याने घड्याळ उघडून त्याच्यासमोर आपटलं. "मग ही तारीख? आणि तिसरा दोष सापडला कसा, तेवढं सांगा. मी जातो."

समोरच्याने तारीख पाहिली, ह्याचा चेहरा पाहिला आणि कान खाजवला.

"तुम्ही याच धंद्यातले, तुमच्याशी काय खोटं बोलायचं? मला सेल आणि पट्टे, यापुढे काही येत नाही. हे सगळं आतल्या बाई करतात. दुपारी दोन तास येतात. नाव-गाव विचारायचं नाही, ही त्यांची अट." आणि मागच्या पडद्याकडे मान वळवून त्याने हाक मारली, "बाई, ते निळ्या तबकडीचं आठवतंय? तिसरा दोष कसा ओळखलात, असं एक गृहस्थ विचारतायत."

"त्यात काय ओळखायचंय?" पडद्याआडून आवाज आला, कामात गढलेला. "पहिला दोष घड्याळाचा. दुसरा कुणीतरी मुद्दाम घातलेला. आणि तो घालताना चिमटा घसरला, तो तिसरा. आमच्या ह्यांचाही नेहमी तिथेच घसरतो, पण त्यांना सांगायची सोय नाही."