भामाबायची तबकडी

ब्लूटूथचा निळा दिवा लुकलुकायचा थांबेना. भगवानने रेकॉर्ड प्लेयरचं बटण पुन्हा दाबून धरलं, मनात दहापर्यंत मोजलं आणि सोडलं. शेजारी स्पीकर मख्खासारखा बसून होता.

"बाबा, स्पीकरचं बटणपण दाबा. दोघं एकाच वेळी शोधायला लागले की आपोआप जोडले जातात," खारघरहून त्याची मुलगी अंकिता फोनवर सांगत होती. मशीन तिनेच पाठवलं होतं.

"कसले जोडले जातात? दुपारपासून तेच करतोय."

बासष्टाव्या वर्षी त्या यंत्रापायी भगवानच्या नाकी नऊ आले होते. पण थांबायची सोय नव्हती. थांबलं की भिंतीपलीकडचं ऐकू यायचं.

रोडपाली गावातलं हे घर मधोमध भिंत घालून दोन केलेलं. पलीकडे धाकटा भाऊ बुधाजी राहायचा आणि आज त्याच्या मुलीची, दिपिकाची हळद होती. दोघे भाऊ नऊ वर्षं बोलत नव्हते. आई, भामाबाय, शेवटचे दोन महिने बुधाजीकडे होती. तिच्या दहाव्याला भगवान साऱ्या भाऊबंदांसमोर बोलून गेला, "तुज्या घरात आईसला येलेवर औषद मिलालं नाय." ते खोटं होतं. दुःखात तोंडून निघालं, आणि मागे घ्यायची हिंमत काही झाली नाही.

हळदीची पत्रिका मांडववाल्याच्या हातून आली होती.

"पत्रिका आली, मानूस नाय आला," म्हणून भगवान घरात बसला. त्याची बायको शकू मात्र सकाळपासून नवी साडी नेसून तयार होती. त्यालाच तो जास्त वैतागला होता.

भामाबाय धवलारीन होती. लग्नात धवले गाऊन देवांना आणि भावकीला बोलवायचं तिचं काम. तिच्या धवल्याशिवाय आसपासच्या गावांत हळद लागत नसे. पन्नास वर्षांपूर्वी मुंबईच्या कुणीतरी तिचा आवाज तबकडीवर उतरवून घेतला. त्याची एक प्रत घरी आली, ती वाटणीत भगवानकडे राहिली. वाजवायला यंत्र मात्र कधीच नव्हतं. पलीकडे जायचं नाही हे ठरलेलंच होतं. निदान आजच्या दिवशी आईचा आवाज कानावर पडावा, एवढंच त्याला हवं होतं.

पलीकडचं दणदणतं गाणं एकदम बंद झालं. कुणीतरी गाण्यांचा मोबाइल बदलत असावं. भगवानने बटण पुन्हा दाबलं. दिवा लुकलुकायचा थांबला आणि स्थिर झाला. त्याने सुई हलकेच टेकवली. तबकडी फिरू लागली. स्पीकरमधून साधी खरखरसुद्धा आली नाही.

"दिवा स्थिर आहे ना? मग कशाला तरी जोडलं गेलंय, बाबा," अंकिता म्हणाली.

कशाला, ते भिंतीपलीकडून कळलं. मांडवातल्या पुरुषभर उंच स्पीकरमधून भामाबाय गात होती. आधी गणपतीला, मग गावदेवीला, मग एकेका भाऊबंदाला हळदीला या म्हणत होती. मांडवातला गलका हळूहळू विरला.

लोक म्हणतील, पुतणीच्या हळदीत मुद्दाम खोडा घातला. भगवान सुई उचलायला पुढे झाला, तशी शकूने त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. सासूबाय गातेत."

तो तसाच उभा राहिला. बाजू संपली. भगवान भिंतीला टेकून खाली बसला. नऊ वर्षं तो राग पुरवून पुरवून वापरत आला होता. आता त्याला त्याचाच कंटाळा आला होता, आणि त्यात हे नवीन भांडण दारात येणार होतं.

आलंही. उंबऱ्याबाहेर बुधाजी उभा होता, गळ्यापर्यंत हळदीने माखलेला. भगवान धडपडत उठला. "मी मुद्दाम नाय केलं," एवढंच कसंबसं बोलला.

बुधाजीने मांडवाकडे बोट दाखवलं.

"दादूस, आईस कवाची येऊन बसलीय," तो म्हणाला. "तू कवा येशील?"