फियाटच्या टपावरचे खळगे

आबा फाटकाबाहेर पडले तशी साधनाने गॅस बंद केला, हात पुसले आणि टेबलावरची किरमिजी फियाट उचलून खिडकीशी नेली.

वीतभर लांबीची मॉडेल गाडी. दारं उघडणारी, आत स्टिअरिंग, मागच्या काचेला पडदासुद्धा. तिने ती उजेडात तिरकी धरली. दारं आरशासारखी. बॉनेट स्वच्छ. आणि टपावर, अगदी मधोमध, देवीच्या व्रणांसारखे पाच-सहा बारीक खळगे.

हे नवीन होतं.

रंगनाथ आबा म्हणजे तिचे सासरे. ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं रंगखात्यात काढलेली. निवृत्तीनंतर सिडकोतल्या घरी ते हौशी लोकांच्या मॉडेल गाड्या रंगवून द्यायचे, आणि त्यांच्या हातून गेलेल्या गाडीत खोट काढणारा अजून जन्मायचा होता. पण दिवाळीनंतर काहीतरी राहून जायला लागलं. आधी रंगात अडकलेला धुळीचा कण. पुढच्या गाडीला दारावरून उतरलेला ओघळ. त्याच्या पुढच्या गाडीची अख्खी डिकी संत्र्याच्या सालीसारखी. आबा मात्र गाडी डोळ्यांजवळ नेऊन समाधानाने म्हणायचे, "झाली बघ."

साधना समजून चुकली. आबांची नजर गेली होती.

नवनाथचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं मत सरळ होतं: वय झालं, आता बंद करा म्हणावं. एवढं बोलून तो सिन्नरला शिफ्टला निघून गेला. सांगायचं कुणी, ते काही त्याने सांगितलं नाही. साधनाचीही जीभ रेटेना. सासूबाई गेल्यापासून हे टेबलच आबांचा संसार होतं. माणसाच्या हातातलं काम काढून घेतलं की मागे नुसता हात उरतो.

म्हणून आबा सकाळी वाचनालयात गेले की तेवढ्या तासाभरात ती त्यांच्या चुका निस्तरायची. मोबाइलवर व्हिडिओ बघून, चुकतमाकत. कण घासून काढला. ओघळ सपाट केला. सालीवर ओला पॉलिशपेपर फिरवून तिची काच केली.

गंमत म्हणजे हीच साधना लग्नानंतर आबांनी दोनदा हातात दिलेला ब्रश "माझे हात भाकरीचे, आबा" म्हणून परत करून बसली होती. कुणी शिकवायला लागलं की तिचं डोकं दुखायचं. दुसऱ्याची चूक दिसली की मात्र हात शिवशिवायचे. शेजारणीच्या रांगोळीतला वाकडा ठिपकासुद्धा ती जाता जाता नीट करून यायची.

नशिबाने आबा विसराळूही झाले होते. पॉलिशपेपर, तोही नेमका हवा त्या नंबरचा, बोटाएवढा कापून टेबलावरच पडलेला असायचा. परतताना ते फाटकाशी हटकून खोकायचे, त्यामुळे तिला आवरायला वेळ मिळायचा. घरात येऊन ते पेपरातल्या बातम्या सांगायचे. वाचनालयात कुणीतरी वाचून दाखवत असणार, बिचारे.

एका गोष्टीचं तिला राहून राहून नवल वाटायचं. प्रत्येक गाडीत चूक एकच असायची. दुसरी कधी नाही. बाकी सगळं काम बहुधा हाताच्या सवयीने होत असेल, असं तिने धरलं होतं.

पण हे खळगे? तिने मोबाइल धुंडाळला. रंगाखाली तेलाचा थेंब राहिला की असं होतं म्हणे. तिने नाक जवळ नेलं. खोबरेल. डोक्यावरून फिरवलेलं बोट टपाला लागलं असेल.

घासून हे जाणार नव्हतं. तेवढ्या टपावरचा रंग काढून, स्पिरिटने पुसून, पुन्हा फवारावा लागणार होता. स्प्रेगन तिने आजवर नुसती धुतलेली. आणि उद्या चिमाजी गाडी न्यायला येणार. म्हातारा ट्रान्सपोर्टवाला, त्याच्या लग्नाची वरात ज्या फियाटमधून निघाली तिची ही प्रतिकृती, खिशात भिंग ठेवणारा गडी. त्याला खळगे दिसले की आबांना कळायचं ते त्याच्या तोंडून कळणार, चारचौघांत.

बाटलीत किरमिजी रंग उरला होता. थिनर घालून पातळ केलेला, जणू आत्ताच भरायचा होता. तिने श्वास धरला आणि लांबून, हलक्या हाताने, एक फेर मारला. दुसरा. वर चकाकीचा थर. एकही ओघळ आला नाही, याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

आबा त्या दिवशी चांगले दोन तासांनी खोकले. गाडीशी गेले. नेहमी टपावरून बोट फिरवायचे, आज नुसते वाकून बघत राहिले. बराच वेळ.

"झाली बघ," ते म्हणाले.

साधना स्वयंपाकघरात वळली. आज निभावलं. पुढच्या वेळी? डोळ्यांवर इलाज असेल तर तो आत्ताच व्हायला हवा. त्याच संध्याकाळी नुसती तपासणी म्हणून ती त्यांना त्रिमूर्ती चौकातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आबा कुरकुर न करता रिक्षात बसले, ह्याचंही तिला जरा नवल वाटलं.

तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं. किती उरलीय नजर, असं तिने हळूच विचारलं.

"कुणाची, यांची?" बाई हसल्या. "सगळ्यात खालची ओळ घडाघड वाचली. वर माझ्या टेबलाच्या पॉलिशला ओघळ आलाय, तो दाखवून दिला. मी सहा वर्षं इथे बसते, मला दिसला नव्हता."

साधना बाहेर आली. आबा पायरीवर चपला घालत होते. ती समोर उभी राहिली.

आबांनी चपलेचा पट्टा सारखा केला आणि मान वर न करता म्हणाले, "माझ्याकडे तुला देण्यासारख्या तेवढ्याच चुका होत्या, साधना. आजची शेवटची."