झाकणाखालचं भोक

मुलांनो, कल्पना करा की तुमच्या तळहातावर एक चपटी डबी आहे. अंगठ्यानं झाकण वर ढकललं की ती उघडते. झाकणात चित्राची काच आणि पलीकडचा आवाज ऐकवणारी बारीक जाळी. खालच्या भागात बटणं, आणि अगदी तळाशी सुईनं पाडल्यासारखं एक बारीक भोक. आपण बोलतो ते त्या भोकातून आत जातं. फोन आला की झाकण उघडायचं, बोलणं संपलं की पटकन मिटायचं. तुमच्या आजी-आजोबांकडे असाच एक असेल, विचारा त्यांना.

असा एक फोन आता दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर उघडा पडला होता. काच काळीठिक्कर. टेबलापलीकडे एक आई उभी होती, आणि तिच्या कमरेइतकी तिची मुलगी. पोर सारखी बोलायची म्हणून घरात तिला टिटवीच म्हणत.

"बाकी सगळं ठीक आहे, भाऊ," आई म्हणाली. "घंटी वाजते, बटणं वाजतात. नुसतं चित्र गेलंय. ते तेवढं आणून द्या. एक मेला दर रविवारी फोन करतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. मीही मग नुसती कानाला लावून ठेवते, कोण आहे कळावं म्हणून. एकदा नंबर दिसू दे, पोलिसातच देते."

"गेल्या रविवारी आईनं त्याची अशी जिरवली!" टिटवी टाचा उंचावून म्हणाली. तिनं कमरेवर हात ठेवले आणि आईचा आवाज काढला. "तूच आहेस, कळलंय मला! लाज नाही वाटत? या घरी पुन्हा फोन करायचा नाही. जा, तोंड काळं कर! असं म्हणाली, आणि फाटकन झाकण मिटलं."

दुरुस्तीवाला हसला. आईही हसली. "गप गं," म्हणाली, पण कौतुकानं.

त्यानं बिजागरीचे स्क्रू काढले. आतून कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक पातळ पट्टी चिमट्यानं वर उचलली. ती मधोमध तुटली होती.

"ही बघा. वरच्या भागातलं सगळं हिच्यावर चालतं. पडला होता का कुठं?"

"हातातून निसटला," आई म्हणाली.

"नाही, बाबांनी आपटला. दादा घर सोडून गेला ना, तेव्हा."

आईनं तिच्या दंडाला चिमटा काढला. दुरुस्तीवाल्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"म्हणजे मावशी, नुसतं चित्र नाही, वरचा आवाजही गेलाय. खालचा भाग मात्र ठणठणीत. आमच्या सासऱ्यांसारखं झालंय याचं. आपलं सगळं सांगणार, दुसऱ्याचं काही ऐकणार नाहीत."

टिटवी खुदकन हसली. मग थांबली.

"म्हणजे आपण बोललेलं पलीकडे ऐकू जातं?"

"अक्षरन् अक्षर."

"आणि पलीकडचा बोलला तर?"

"बोलतच असणार की बिचारा. तुम्हाला ऐकू येत नव्हतं."

आईनं टेबलाची कड धरली. 

"रविवारी दुपारी यायचा फोन," ती हळूच म्हणाली.

"रविवारी दुपारी बाबा घरी नसतात," टिटवी म्हणाली. "दादाला माहितीय."

 दुरुस्तीवाल्यानं खालचा खोका ओढला, मोडक्या फोनांच्या ढिगातून त्याच जातीचं एक झाकण शोधून काढलं आणि त्याची पट्टी खालच्या भागाला जोडली. काच उजळली. त्यानं आलेल्या फोनांची यादी उघडली. खालपासून वरपर्यंत एकच नंबर होता.

"लावा," आई म्हणाली.

त्यानं आवाज मोठा केला आणि फोन तिच्यापुढे धरला. पलीकडे भांडी आपटत होती.

"हां, बेकरी. कोण पाहिजे?"

आईनं मुलाचं नाव सांगितलं.

"तो होय! गेला तो. गेल्या रविवारी इथूनच घरी फोन केला. दर रविवारी करायचा. आई उचलते पण बोलत नाही, म्हणायचा. त्या दिवशी मात्र आई बोलली, म्हणाला. बस्स, एवढंच. ॲप्रन खुंटीला लावला आणि निघाला. त्याची कपड्यांची पिशवी अजून इथंच आहे."

"कुठं गेला?"

"कुठं म्हणजे?" पलीकडचा माणूस गोंधळला. "आम्हाला वाटलं, घरीच आला असेल."

"नाही आला."

भांड्यांचा आवाज थांबला. "मग काय सांगू, बाई? आला इकडे तर कळवतो," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

आई तशीच फोनकडे बघत राहिली. "मी त्याला नव्हते रे म्हणाले," ती त्या उघड्या फोनला सांगू लागली. "त्याला नव्हतं ते. त्या न बोलणाऱ्या मेल्याला म्हणाले, हे त्याला कसं सांगू आता..." मग तिचा आवाज चढला. तिनं स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला. "जळो ही जीभ! मेले का नाही मी त्याआधी..."

"फोन बंद झालाय, मावशी," दुरुस्तीवाला म्हणाला. "पलीकडे कोणी नाही."

 टिटवी टाचांवर उंच झाली, हात लांब केला आणि फोनच्या तळाशी असलेल्या त्या बारीक भोकावर अंगठा घट्ट दाबून धरला.