पहिल्याला माफी

"शैलू, यातून सुटायचा काही मार्ग आहे का गं?" उल्हासकाकांनी विचारलं आणि डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेला पेढ्यांचा बॉक्स पुढे सरकवला.

शैलजाने बॉक्सला हात लावला नाही. हा माणूस कधीतरी आपल्याकडे हात जोडून येईल, ही आस ती बाप गेल्यापासून जपून होती. शिकागोला लेकीकडे आलेला काका आज आपल्या पायांनीच तिच्या दारात आला होता.

काका अमरावतीच्या पाइप व्यापाऱ्यांचे पुढारी. महिन्यातून एकदा चहाला जमायचं, भाव ठरवायचा, त्याखाली कुणी विकायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. शैलजाच्या बाबांनी एकदा ऐकलं नाही. काकांनी कारखान्यांना निरोप धाडले, याला माल द्यायचा नाही. दुकान ओस पडलं. बाबांनी दिल्लीपर्यंत तक्रार केली, पण तेव्हाचा कायदा म्हणजे शेतातलं बुजगावणं. चौकशी चालूच राहिली आणि बाबा गेले. तेराव्याला काका जेवायला आले, जिलबी मागून मागून जेवले. ती जिलबी शैलजाच्या घशात अजून अडकलेली होती.

पुढे ती व्यापाऱ्यांच्या असल्या संगनमताला आळा घालणाऱ्या स्पर्धा कायद्यातच शिरली. परमिट आणि कोट्याच्या जमान्यातून बाहेर पडणाऱ्या देशांना कायदे लिहून द्यायचे, हे तिचं काम. देश कुठलाही असो, एका कलमासाठी ती हमरीतुमरीवर यायची. संगनमत करणाऱ्यांपैकी जो पहिला कबुली देईल, त्याला पूर्ण माफी. ऑफिसातले चिडवायचे, चोरांचा एवढा कळवळा कशाला? ती नुसती हसायची. तिला न्याय वगैरे नको होता. सूड हवा होता.

भारतातही आता असं कलम होतं. आणि काकांच्या मंडळींना स्पर्धा आयोगाच्या नोटिसा आल्या होत्या.

"मार्ग आहे ना काका," ती म्हणाली. "सगळं कबूल करायचं. कोण जमलं, काय ठरलं, सगळं. जो फर्स्ट येईल त्याची पेनल्टी पूर्ण माफ होऊ शकते. बाकीच्यांचं कंबरडं मोडतं."

"अगं, बेलभंडारा उचललाय सगळ्यांनी!"

"मग गप्प बसा. बाकीचेही बसतील, अशी खात्री असेल तर."

काका बोटं मोजू लागले. एकेकाचं तोंड डोळ्यांपुढे आणत असावेत. खात्री कुणाचीच वाटेना. सगळा जन्म दुसऱ्याला ओळखण्यात गेला होता ना.

"पण आमच्या शंतनूचं काय? त्याची कंपनी वेगळी आहे. टॅक्ससाठी मीच काढून दिली."

"वेगळी कंपनी, वेगळी पेनल्टी. त्याला बसेल."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. पोटच्या पोरापाशी तरी हा माणूस अडेल का? अडला असता तर कदाचित तिचीही जीभ अडली असती.

"तरुण आहे तो," काका म्हणाले. "पुन्हा उभा राहील."

त्यांनी तिथेच बसून नागपूरच्या वकिलाला झोपेतून उठवलं. सगळी नावं सांगितली, शंतनूचंही. "ताबडतोब मेल टाका, माझा नंबर पहिला लागला पाहिजे!" फोन ठेवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. डोळ्यांत पाणीही आलं.

"पोरी, तुझ्या बापाशी मी कसा वागलो, आणि तू मला वाचवलंस. मोठं मन लागतं याला." त्यांनी स्वतःच बॉक्स उघडून एक पेढा तोंडात टाकला.

शैलजाने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"काका, सकाळी शंतनूचाही फोन आला होता. त्यालाही मी हेच सांगितलं."

काकांचा घास तोंडातच राहिला.

"त्याची कबुली दुपारीच पोचली. त्याने दिलेल्या नावांत तुमचं सगळ्यात वर आहे. मी विचारलं त्याला, तुझ्या बाबांचं काय? तर म्हणाला, त्यांना आता या वयात लागतंच काय!"