बोळातलं भुयार

"आत्या, तू घरीच थांब," श्रीपाददादा म्हणाला. "त्या गुहेतल्या महादेवापर्यंत भुयारातून जायचं, तेही कमरेत वाकून, हातात पेटतं निरांजन घेऊन. विझलं तर दर्शन न घेता माघारी फिरायचं, असा तिथला नेम आहे. तुला कसं झेपणार?"

वत्सूआत्याच्या पाठीला पोक आल्यापासून आमचे सगळे बेत तिला वगळूनच ठरत. आज मात्र ती उठली. घरातल्या बोळात, दादाच्या पोटाच्या उंचीवर, तिनं आम्हाला कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधायला लावल्या. दाराशी पंखा ठेवला.

बोळ म्हणजे भुयार. दोरी म्हणजे कातळ. पंखा म्हणजे डोंगरवारा.

"चल श्रीपाद, तू आधी."

दादा वाकून शिरला. दोन पावलांत डोकं दोरीला लागलं, मग कंबर धरली, मग निरांजन विझलं. "अगं आई गं!" करत तो मागच्या मागे बाहेर आला.

"पोचलात का महादेवापाशी?" वहिनीनं विचारलं.

आत्यानं वात पुन्हा पेटवली आणि रोज चालते तशीच चालू लागली. दोऱ्या तिच्या डोक्यावरून मागे जात राहिल्या. वारा पाठीवर आदळत होता आणि पोकाच्या आडोशाला ज्योत ताठ उभी होती.

पलीकडे पोचून तिनं पेटतं निरांजन खिडकीत ठेवलं. वहिनीनं तर शिट्टीच वाजवली.

"गाडीत पुढची जागा माझी," आत्या म्हणाली. "आणि श्रीपाद, तुला चपला राखायला न्यायचं की नाही, ते सकाळी सांगते."